नाव एक, आवृत्त्या दोन



बंगळूरच्या मल्लेश्वरम भागात संपिगे रोड आणि मार्गोसा रोड असे दोन रस्ते आहेत. संपिगे म्हणजे आपला चाफा आणि मार्गोसा म्हणजे कडुनिंब. एका वस्तूची दोन नावे असली तर कोणाचे काही बिघडत नाही. विचारले की उलगडा होतो. परंतु नाव एक आणि वस्तू दोन, असे झाले म्हणजे घोटाळा होतो. संगणकावर शास्त्रीय आज्ञावली बसवताना होणाऱ्या अशाच एका घोटाळ्याविषयी मी आज बोलणार आहे.

माझी भाची मल्लेश्वरमला राहून पावसाच्या नोंदींवर संशोधन करते. मी तिच्याकडे गेलो तेव्हा तिला आपले आलेख मार्गदर्शकांपुढे ठेवायला तीनच दिवस उरले होते आणि नवी आज्ञावली काही केल्या चालू होत नव्हती.

कोणतीही आज्ञावली सारी कामे स्वतः करीत नाही. फाइल उघडणे, वर्गमूळ काढणे अशी नित्याची कामे एकदाच लिहून एका सामायिक भांडारात ठेवलेली असतात. या भांडाराला लायब्ररी म्हणतात. ती शब्दकोशासारखी समजावी. नव्या आवृत्तीत जुने शब्द असतात आणि काही नवेही असतात. पण नवा शब्द जुन्या आवृत्तीत शोधला तर तो कोठून सापडणार?

भाचीचे नेमके हेच झाले होते. तिच्या संगणकावर २०१४ साली निघालेली सेंटओएस ७ ही प्रणाली होती. तिच्यातील मूळ सी लायब्ररी २.१७ आवृत्तीची, आणि तयार स्वरूपात आणलेली आज्ञावली मागत होती २.३४, म्हणजे २०२१ सालची. पडद्यावर तसे स्पष्ट लिहिलेही होते. मात्र घाईत माणूस संदेश वाचत नाही, उपाय शोधतो. नवी लायब्ररी कोठूनतरी आणून जुनीच्या जागी ठेवावी, असे तिने ठरविले होते. मी तिचा हात धरला. त्या एका लायब्ररीवर संगणकातील बहुतेक साऱ्या आज्ञा उभ्या असतात. ती बदलताना चूक झाली, तर चूक दुरुस्त करण्यासाठी फाइलची नक्कल करण्याची साधी आज्ञासुद्धा चालत नाही. सामायिक विहिरीत एकट्याच्या सोयीसाठी उतरू नये, ते एवढ्यासाठीच.

मग मार्ग कोणता? एक म्हणजे आज्ञावलीचा मूळ मजकूर आणून तो त्याच जुन्या संगणकावर नव्याने घडविणे. दुसरा म्हणजे कंटेनर. त्यात आज्ञावली आपल्या लायब्रऱ्यांची शिदोरी बरोबर घेऊन येते आणि यजमानाच्या स्वयंपाकघराला हात लावीत नाही. भाचीने पहिला मार्ग धरला. रात्री उशिरा आज्ञावली घडून तयार झाली, सुरू झाली, आणि लगेच थांबली.

या वेळचा संदेश निराळा होता. पावसाच्या नोंदी साठविणारी एचडीएफ-५ ही लायब्ररी सांगत होती, की घडणीच्या वेळी माझी आवृत्ती १.१०.४ होती आणि आता भेटते आहे ती १.१०.५. दोन्ही फाइलींचे नाव एकच! ही तपासणी बंद करण्याची सोय आहे, आणि भाचीला ती ठाऊक होती. परंतु ती तपासणी निष्कारण ठेवलेली नाही. दोन आवृत्त्यांचा मेळ नसता तसेच पुढे गेल्यास नोंदी बिघडू शकतात. बंद पडलेली आज्ञावली निदान बंद पडलेली दिसते. बिघडलेला आकडा मात्र खऱ्या आकड्यासारखाच दिसतो.

आम्ही 'एलडीडी' ही आज्ञा दिली. कोणती लायब्ररी कोणत्या जागेवरून उचलली जात आहे, याची यादी ती देते. यादीत एक अनपेक्षित कप्पा निघाला. काही महिन्यांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी तिने 'एलडी लायब्ररी पाथ' या नावाने तो शोधाच्या वाटेवर पुढे आणून ठेवला होता, आणि मग ती विसरून गेली होती. ती ओळ काढली, योग्य जागेचा पत्ता घडणीच्या वेळीच आज्ञावलीत नोंदविला, आणि काम सुरळीत झाले.

मल्लेश्वरमच्या शेजारीच १९०९ साली स्थापन झालेली भारतीय विज्ञान संस्था आहे. तेथे २०२२ साली 'परम प्रवेग' हा महासंगणक कार्यान्वित झाला. त्याची क्षमता ३.३ पेटाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला तेहतीस कोटी कोटी गणिती क्रिया. अनेक अभ्यासक मिळून वापरतात अशा यंत्रांवर प्रत्येक आवृत्ती निराळ्या कप्प्यात ठेवावी आणि 'मॉड्यूल' या आज्ञेने हवी ती निवडावी, अशी पद्धत जगभर रूढ आहे. एकत्र नांदावयाचे तर हीच रीत बरी.

भाचीचे आलेख वेळेवर गेले. त्यांच्या शेवटी तिने एक लहानसा तक्ता जोडला होता: कोणती लायब्ररी, कोणती आवृत्ती. आपण विहिरीचे पाणी पितो तेव्हा ती कोणी खणली हे विचारीत नाही. पण ज्याला आपल्या आकड्यांची ग्वाही द्यावयाची आहे, त्याने ते विचारले पाहिजे आणि लिहूनही ठेवले पाहिजे.