शरदातले पाहुणे आणि एक वही



वसंत व्याख्यानमालेत शरद ऋतूवर बोलणार म्हटल्यावर चिटणीसांनी माझ्याकडे जरा साशंक नजरेने पाहिले. पण ज्या पाहुण्यांविषयी मला सांगायचे आहे ते याच दिवसांत आपला निरोप घेत असतात. पळस फुलला की गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या मैनांचे थवे त्यावर कलकलाट करताना तुम्ही पाहिले असतील. त्याच आपल्या भोरड्या. ज्वारी दाण्यावर आली की शेतकरी गोफण घेऊन उभा राहतो तो यांच्याचसाठी. यांची घरटी मध्य आशियातल्या गवताळ मुलुखात. तिकडे टोळ फस्त करतात म्हणून लाडक्या, आणि इकडे कणसे टिपतात म्हणून शिव्यांच्या धनी!

ही मंडळी येतात केव्हा? पावसाळा ओसरू लागतो, पितृपक्ष जवळ येतो, आणि एखाद्या सकाळी पांझरेच्या काठी शेपटी खालीवर हलवीत चालणारा धोबी दिसतो. काल तो नव्हता. हिमालयातून किंवा त्याच्याही पलीकडून आलेला हा एवढासा जीव जणू कालपर्यंत येथेच होता अशा ऐटीत चिखलातले किडे वेचीत असतो. मग तुतवार येतो, माळावर भोवत्या जमिनीलगत तरंगू लागतो, आणि दिवाळीच्या सुमारास बदके उतरतात.

बदकांसाठी आम्ही हतनूरला जातो. भुसावळ तालुक्यातले हे तापीवरचे धरण १९८२ साली पूर्ण झाले. चांगदेवाजवळ तापी आणि पूर्णा एकत्र येतात, तेथपर्यंत त्याचा फुगवटा पोहोचतो. पहाटेचा गारठा, पाण्यावर धुके, आणि त्यातून आधी केवळ आवाज. उजाडले की एकेक ओळख पटू लागते. लांब टोकदार शेपटीचे ते तलवार बदक, फावड्यासारख्या चोचीचे ते थापट्या, तांबूस डोक्याच्या त्या लालसरी. केशरी रंगाची जोडी दिसली तर ते चक्रवाक. संस्कृत कवींनी त्यांना रात्रीच्या विरहाचे दुःख दिले आहे, प्रत्यक्षात ते रात्रीही एकमेकांना साद घालीत खुशाल एकत्र असतात. आणि काळ्या अंगाचे, कपाळावर पांढरा टिळा लावलेले शेकडो पक्षी एका जागी गोळा झालेले दिसले तर त्यांचे नाव विचारायलाच नको. त्यांना मराठीत वारकरीच म्हणतात. मुक्ताईची पालखी आषाढीला येथून पंढरपुरास जाते. हे वारकरी मात्र कार्तिकीच्या सुमारास येथे जमतात.

अशा पहिल्या फेरीनंतर मी वहीत काय लिहिले होते ते सांगतो. "हतनूर. बदके पुष्कळ. फार आनंद झाला." आनंद झाला हे खरे, पण त्या नोंदीचा आज काडीचाही उपयोग नाही. पुष्कळ म्हणजे किती? कोणती? किती वाजता, कोणत्या काठावरून? पक्षी घटले की वाढले, लवकर आले की उशिरा, हे मला कोणी विचारले तर माझी वही मुकी आहे. पुढे एका जाणत्या मित्राने मोजायचे कसे ते शिकविले. आधी दहा पक्षी मोजायचे, ते दहा पाण्यावर किती जागा व्यापतात ते डोळ्यांत धरायचे, आणि मग तेवढ्या जागेचे माप पुढे पुढे सरकवीत जायचे.

कागदाचे मोल काय असते हे धुळ्यात सांगायला नको. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव फिरून जुनी दप्तरे जमविली, आणि १९२७ साली त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ याच गावात उभे राहिले. कागद अस्सल की बनावट हे ठरल्यावाचून इतिहासाचे पान हलत नाही. पाखरांचेही तसेच आहे, आणि त्याचा पुरावा आपल्याच खानदेशात घडलेला आहे.

गोष्ट रान पिंगळ्याची. हा स्थलांतर करणारा पक्षी नव्हे, आपल्या सातपुड्याचा रहिवासी. रात्री घराजवळ चिरकणाऱ्या पिंगळ्याचा हा भाऊबंद. पण याच्या डोक्यावर ठिपके अगदी अस्पष्ट, पंखांवर आणि शेपटीवर ठसठशीत पट्टे, आणि वावर दिवसाउजेडी. ह्यूम या पक्षिशास्त्रज्ञाने १८७३ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे जेम्स डेव्हिडसन नावाच्या इंग्रज मुलकी अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशात पाखरांचा अभ्यास केला. १८८२ साली त्याने येथल्या पक्ष्यांची यादी छापली आणि रान पिंगळ्याचे नमुनेही गोळा केले. शेवटचा नमुना १८८४ चा, खानदेशातलाच. त्यानंतर हा पक्षी जणू धरणीने गिळला. सलीम अलींसारख्यांनी शोध घेतला, पण हाती काही लागले नाही.

मध्येच एक कागद होता. रिचर्ड माइनरट्झहागन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचा दावा असा की, १९१४ साली गुजरातेत मांडवी येथे आपण हा पक्षी मारला. चिठ्ठी लावलेला नमुना हजर, तेव्हा शंका कोण घेणार? ग्रंथांतून ही नोंद दीर्घकाळ खरी मानली गेली. अमेरिकेतल्या पामेला रास्मुसेन यांनी मात्र नमुना बारकाईने पाहिला, आणि १९९९ साली त्यांनी व नायजेल कॉलर यांनी सारे प्रकरण छापून उघड केले. तो पक्षी डेव्हिडसनच्याच संग्रहातला होता. संग्रहालयातून चोरलेला, नव्याने भरलेला, आणि खोटी चिठ्ठी बांधलेला!

छापण्यापूर्वीच रास्मुसेनबाईंनी ती मांडवीची नोंद बाजूस सारून अस्सल चिठ्ठ्यांवरची गावे तेवढी हिशेबात धरली होती. बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना घेऊन १९९७ च्या नोव्हेंबरात त्या भारतात आल्या. पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणी बरेच दिवस व्यर्थ गेले. मग त्यांनी आपल्या शहाद्याची वाट धरली. २५ नोव्हेंबरच्या सकाळी शहाद्याजवळच्या रानात निष्पर्ण झाडावर रान पिंगळा बसलेला दिसला. मध्ये ११३ वर्षे गेली होती. शहादे त्या दिवशी धुळे जिल्ह्यात होते; नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो पुढल्या वर्षी, जुलैत.

नंतरच्या पाहणीत तो तोरणमाळ, तळोदा, मेळघाट आणि आपल्या यावलच्या अभयारण्यातही आढळला. याचा अर्थ धोका टळला असा नव्हे. रान तुटते आहे, आणि त्याला ढोली असलेली जुनी झाडे लागतात. छायाचित्रासाठी ढोलीशी ठाण मांडून बसणारे हौशीही आता निघाले आहेत, हे मला खेदाने सांगावे लागते.

डेव्हिडसनने खानदेशातल्या आपल्या चिठ्ठ्यांवर ठिकाण नीट लिहिले नसते तर? आज तुमच्या खिशातल्या फोनवरून नोंद क्षणात जगभर जाते. खोटी किंवा अदमासे ठोकलेली नोंदही तितक्याच वेगाने जाते. म्हणून यादी लांब करण्याच्या मोहाला बळी पडू नका. ओळख पटली नाही तर "ओळख पटली नाही" असेच लिहा. गेलात आणि काही दिसले नाही, तर तेही लिहा.

५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्यात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळतात, मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांना धरून. त्या आठवड्यात नकाणे तलावावर किंवा जळगावच्या मेहरूणवर पुष्कळ मंडळी जातात, तुम्हीही जा. पण त्याच्या आधी, पितृपक्षाच्या सुमारास, पांझरेच्या काठी पहिला धोबी कोणाला कोणत्या तारखेस दिसला ते मला अवश्य कळवा. गेल्या वर्षी मी त्या दिवसांत परगावी होतो. वहीतले ते पान कोरे राहिले आहे.