घर एकीकडे, गोत एकीकडे

पुण्याच्या मंडईत सकाळी पिशवी घेऊन शिरणाऱ्या गृहस्थास वर्गीकरण म्हणजे काय, हे निराळे शिकवावे लागत नाही. 1886 साली रे मार्केट या नावाने उघडलेल्या आणि आज महात्मा फुले यांचे नाव धारण करणाऱ्या त्या वास्तूत वांग्यांचा ढीग एकीकडे, मिरच्यांचा दुसरीकडे आणि बटाट्यांचा तिसरीकडे असतो. ही मांडणी स्वयंपाकघराच्या सोयीची आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ मात्र वांगे, मिरची, बटाटा आणि टोमॅटो या चौघांनाही एकाच कुळात बसवतो. तो फुलाची घडण पाहतो. माल कोणत्या गाळ्यावर विकला जातो, याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

‘चिलट’ हा शब्दही असाच सोयीचा. पिकल्या केळ्यांवर घोंगावणारे ते चिलट, आणि संध्याकाळी नदीकाठी थव्याने नाचणारे तेही चिलट. शास्त्रात मात्र या दोघांची कुळे निराळी आहेत. या दुसऱ्या कुळातील काही मंडळी तर चक्क समुद्रात नांदतात. बक्स्टन यांना सामोआ बेटाच्या किनाऱ्यावर मिळालेल्या अशाच एका चिलटाचे वर्णन एडवर्ड्स यांनी 1926 साली प्रसिद्ध केले आणि त्याच्या प्रजातीस ‘पाँटोमाइया’ हे नाव दिले. याच्या नराचे पंख आखूड, वल्ह्यासारखे. त्याला उडता येत नाही, तो पाण्यावरून सरकत जातो. मादीला पंखच नसतात. पाहणाऱ्यास ती अळीच वाटावी. प्रौढावस्थेतील आयुष्य अवघे काही तासांचे! अशा जीवास चिलट म्हणावे तरी कसे? परंतु मिशा, सोंडेचे अवयव, नराची जननेंद्रिये आणि अळीची ठेवण सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहिली, म्हणजे गोत उघड होते. घर समुद्रात असले, तरी घराणे चिलटांचेच.

याच्या नेमका उलट प्रकार महाराष्ट्राच्या डोंगरात आढळला. जेलीफिश म्हटली की समुद्रच डोळ्यांसमोर येतो. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारे, मूळचे मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर यांना सह्याद्रीत उगम पावून कृष्णेस मिळणाऱ्या नद्यांच्या गोड्या पाण्यात छत्रीसारखी पारदर्शक जेलीफिश सापडली. 1912 साली ही वार्ता ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. नमुन्यांचे शास्त्रीय वर्णन कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमचे नेल्सन अॅनन्डेल यांनी केले आणि जातीस ‘लिम्नोक्निडा इंडिका’ असे नाव दिले.

घाट उतरला की कोकणचा समुद्र. तेव्हा हा जीव तेथील जेलीफिशचाच भाऊबंद असावा, असे कोणासही सहज वाटेल. परंतु जननग्रंथी छत्रीतील नलिकांवर आहेत की मुखाच्या दांड्याभोवती, हे येथे पाहावे लागते. त्या दांड्याभोवती आढळल्या, आणि या जीवाचे सोयरे निघाले थेट आफ्रिकेतील टांगानिका सरोवरात! तोवर ही प्रजाती आफ्रिकेबाहेर ठाऊक नव्हती. शेजार आणि सोयरिक या दोन निराळ्या गोष्टी आहेत, याचा याहून बोलका दाखला क्वचितच मिळेल.

आघारकर पुढे वनस्पतिशास्त्राकडे वळले. 1946 साली पुण्यात स्थापन झालेल्या विज्ञानवर्धिनीचे ते पहिले संचालक झाले. ती संस्था आज त्यांच्याच नावाने चालते.

एवढ्याशा जीवांना नावे देऊन लाभ काय, असा प्रश्न व्यवहारी माणूस विचारतो. ज्या नद्यांत आघारकर उतरले, त्यांचे पाणी पुढे धरणांनी अडवले गेले. अशा बदलात कोण तगले आणि कोण गेले, हा हिशेब मांडायचा तर आधी वहीत नाव असावे लागते. मंडईतील व्यापारीसुद्धा सकाळी आलेला माल लिहून ठेवतो, तेव्हाच संध्याकाळी तूट किती आली, हे त्याला कळते.