फोनवरचं उत्तर कोणाच्या बोलीत?
(वार्षिक मित्रमेळाव्यातील भाषण)



आपल्या आरोग्य प्रकल्पाचा फोनवरचा सल्ला सुरू झाल्यापासून एक प्रश्न मला दोनतीनदा ऐकायला मिळाला. आता संगणकच भाषांतर करतो, तर पाड्यावरच्या सेविकांना मानधन कशाला? प्रश्न रास्त आहे. पैसा तुमच्या कष्टाचा आहे.

मूळ योजना अशी होती. धडगावकडच्या एखाद्या पाड्यावर रात्री लेकराला जुलाब लागले, तर आईने व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून विचारायचं. यंत्र तिचं बोलणं अक्षरांत उतरवणार, त्याचं मराठी करणार, डॉक्टरांनी तपासलेल्या उत्तरांतलं योग्य ते निवडणार, ते तिच्या बोलीत फिरवणार आणि वाचून दाखवणार. पाच पायऱ्या झाल्या. पहिलीवर पाय घसरला तर पुढचं सगळं वाकडं. माणूस चुकला तर निदान अडखळतो. यंत्र चुकीचंही ठाम आवाजात सांगतं.

सुरू करण्याआधी चाचणी घेतली. उत्तर होतं, "जुलाब थांबले तरी झिंकची गोळी १४ दिवस पूर्ण द्या." आमच्या सेविकाबाईंनी ते त्यांच्या बोलीत ऐकलं आणि म्हणाल्या, "दादा, हे तर जुलाब थांबले की गोळी बंद करा, असं सांगतंय." एवढासा 'तरी' वाटेत गळाला होता! दुसरं उत्तर ओआरएसचं. एक पुडी एक लिटर पाण्यात, हे भाषांतर बरोबर होतं. पण बाई म्हणाल्या, लिटर म्हणजे घरातलं कुठलं भांडं? पाणी कमी पडलं तर ते खारट पाणी बाळाला बाधतं. आता उत्तरात पाण्याच्या लिटरच्या बाटलीचं नाव घेतो.

यंत्र शिकतं ते मुख्यतः लिहिलेल्या मजकुरावरून. २०११ च्या जनगणनेत भिली बोलणारे एक कोटीहून अधिक आहेत, पण त्याच खात्यात पावरी, मावची, कोकणा, वारली अशा कितीतरी बोली धरल्या आहेत. बोलणारे भरपूर, छापलेली पानं मोजकी. केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाने २०२५ मध्ये 'आदि वाणी' आणलं. त्यात संथाली, मुंडारी, गोंडी आणि भिली आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. पण ती भिली मध्य प्रदेशातली. आपली पावरी त्यात नाही.

म्हणून आम्ही काम उलटं लावलं. यंत्राने फक्त प्रश्न ओळखायचा. उत्तर जातं ते सेविकेच्या आवाजात आधी ध्वनिमुद्रित केलेलं. प्रश्न नीट ओळखता आला नाही, किंवा बोलण्यात रक्त, झटके, बेशुद्धी असं काही आलं, तर यंत्र गप्प बसतं आणि निरोप ड्यूटीवरच्या नर्सकडे जातो.

प्रत्येक उत्तर मुद्रित करण्याआधी सेविका ते चारदोन आयांना ऐकवते. "समजलं का?" असं ती विचारत नाही. त्यावर सगळेच मान डोलावतात. आपणही उपदेश ऐकताना डोलावतोच. ती विचारते, "मग घरी जाऊन काय करशील, सांग बरं." आईने सांगितलेलं चुकलं, तर वाक्य बदलायचं, आईला नाही. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि बायबल मात्र साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं. आमच्या सेविकांचं काम त्याच जातीचं आहे असं मी मानतो. त्यांच्यापैकी काहीजणी सातवीच्या पुढे शिकलेल्या नाहीत, तरी हा कान त्यांच्याकडेच आहे.

अक्कलकुव्याच्या डोंगरपट्ट्यात गेलं की बोली पुन्हा बदलते. तिथली उत्तरं अजून मुद्रित व्हायची आहेत. पावसाळ्यात जुलाब वाढतात, त्यामुळे जूनच्या आत हे काम उरकायचं आहे आणि त्यासाठी त्या भागातल्या दोन सेविकांचं वर्षभराचं मानधन हवं आहे. आपापल्या मंडळीत हा विषय काढा, आणि देणगीबरोबरच्या चिठ्ठीवर 'सेविका मानधन' एवढं जरूर लिहा.