परदेशातील नोकरी व भरती संस्थेची पारख
(ग्रामपंचायत सदस्य व शिक्षकांच्या मेळाव्यातील भाषण)

परदेशातील नोकरीची वार्ता गावात सहसा तोंडी येते. सुट्टीवर आलेला एखादा परिचित सांगतो की, आखाती देशात गवंडी, वेल्डर, वाहनचालक हवे आहेत. अमक्या गृहस्थाकडे पासपोर्ट व पैसे दिले की काम झाले. घरातील दागिने गहाण पडतात. पुढे तो गृहस्थ भेटेनासा होतो, अथवा तेथे पोहोचल्यावर निराळे काम व कमी वेतन तरुणाच्या वाट्याला येते. कर्जाचे व्याज मात्र थांबत नाही.

अशा फसवणुकीस आळा बसावा म्हणून उत्प्रवासन अधिनियम, १९८३ करण्यात आला. त्याच्या कलम १० अन्वये नोंदणी प्रमाणपत्राशिवाय परदेशी नोकरीसाठी भरतीचा व्यवसाय करता येत नाही. हे प्रमाणपत्र देण्यापूर्वी संस्थेकडून बँक हमी घेतली जाते. म्हणून पहिली पारख नोंदणीची. कार्यालयाच्या भिंतीवर लावलेले प्रमाणपत्र पाहून समाधान मानू नये. केंद्र शासनाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर संस्थेचे नाव, पत्ता आणि नोंदणी चालू, निलंबित की रद्द, हे पडताळता येते. गावात फिरणारा दलाल मोठ्या संस्थेचे नाव सांगत असला, तरी त्या संस्थेच्या नोंदलेल्या कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन चौकशी केल्याखेरीज पैसे देऊ नयेत.

दुसरी पारख पैशांची. नियमांनुसार भरती संस्थेला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून कमाल ३०,००० रुपये व त्यावरील वस्तू व सेवा कर एवढीच रक्कम घेता येते आणि तिची पावती द्यावी लागते. जो पावती देण्यास कचरतो, त्याच्याशी व्यवहार तेथेच थांबवावा.

तिसरी पारख कागदपत्रांची. करारात मालकाचे नाव, कामाचे स्वरूप, वेतन, कामाचे तास, निवास व परतीच्या प्रवासाची तरतूद स्पष्ट असावी. व्हिसा नोकरीचाच असावा. ‘आधी पर्यटक म्हणून जा, तेथे बदलून घेऊ’ असे सांगणारा मनुष्य तरुणाला कायद्याच्या संरक्षणाबाहेर ढकलत असतो.

दहावी उत्तीर्ण नसलेल्या कामगारांना सौदी अरेबिया, कुवेत, ओमान, कतार, मलेशिया आदी १८ देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी उत्प्रवासी संरक्षकांची अनुमती आवश्यक असते. मुंबईत त्यांचे कार्यालय आहे. या कामगारांना प्रवासी भारतीय विमा योजनाही बंधनकारक असून, दोन वर्षांसाठी २७५ रुपयांच्या हप्त्यात अपघाती मृत्यू वा कायम अपंगत्व आल्यास १० लाख रुपयांचे संरक्षण मिळते. दहावी उत्तीर्ण तरुणाला ही अनुमती लागत नाही. त्यामुळे त्याच्या कागदपत्रांची ही शासकीय तपासणी होत नाही आणि सावधगिरीची जबाबदारी त्याच्यावरच अधिक येते.

येथेच गावातील जाणत्यांचे काम सुरू होते. शिक्षकाने करार वाचून त्याचा अर्थ समजावून सांगावा. ग्रामपंचायतीने संस्थेची नोंदणी संगणकावर पडताळून द्यावी. पासपोर्ट, करार, व्हिसा व पावतीची एक प्रत तरुणाने घरी ठेवून जावी. अडचणीच्या वेळी भारतीय दूतावासाकडे दाद मागताना घरच्यांना त्याच कागदांचा आधार होतो. पैसे देण्यापूर्वी खर्ची घातलेली एक दुपार एखाद्या कुटुंबाची कित्येक वर्षांची मिळकत वाचवू शकते.