माळ्यावरची लग्नाची कॅसेट

माळ्यावरच्या ट्रंकेत, जुन्या साड्यांखाली एखादी व्हीएचएस कॅसेट अजून असेल. कुणाच्या लग्नाची, कुणाच्या मुंजीची. आज हयात नसलेल्या आजीचा आवाज कदाचित फक्त तिच्यातच उरला असेल. ती या आठवड्यात बाहेर काढा, एवढं कळकळीनं सांगतो.

व्हीएचएस १९७६ साली जपानच्या जेव्हीसी कंपनीनं आणली. अर्धा इंच रुंदीची प्लॅस्टिकची फीत, तिच्यावर चुंबकीय कण आणि ते धरून ठेवणारा लेप. दमट हवेत हा लेपच कमकुवत होतो, फितीवर पांढरी बुरशी धरते. कोकणातल्या पावसाळ्यात तर जपायलाच हवं. बुरशी दिसली तर कॅसेट व्हीसीआर मशीनमध्ये घालूच नका. हेड बरबटतं आणि तीच बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. आधी जाणकाराकडून साफ करून घ्या.

मशीनही आता मिळणं कठीण. फुनाई या जपानी कंपनीनं २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं.

म्हणून मशीन मिळतंय तोवर कॅसेटमधलं चित्रण डीव्हीडीवर उतरवून घ्या. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तास लागतातच. साध्या डीव्हीडीत ४.७ गिगाबाइट, म्हणजे चांगल्या दर्जाचं सुमारे दोन तासांचं चित्रण मावतं. पण घरी लिहिलेल्या डीव्हीडीत रंगद्रव्याचा थर असतो आणि तो उन्हानं खराब होतो. म्हणून एक प्रत हार्ड डिस्कवरही हवीच. मूळ कॅसेट मात्र फेकू नका. फीत पूर्ण गुंडाळून, पुस्तकासारखी उभी, कोरड्या कपाटात ठेवा.