ओनायडा : नाव कुणाचं, वापरतं कोण?



विषय जाहीर झाल्यावर एका स्नेह्यांनी विचारलं, “वसंत व्याख्यानमालेत ओनायडा कशाला?” कारण साधं आहे. आपण मराठीत अजून सर्रास ‘रेड इंडियन’ म्हणतो आणि शेकडो राष्ट्रं एका शब्दात कोंबतो. माझं म्हणणं असं, की एखाद्या समाजाच्या नावावर पहिला हक्क त्या समाजाचा. ते नाव उच्चारताना आधी माणसं डोळ्यांपुढे आली पाहिजेत.

ओनायडा हे उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या इरोक्वाय महासंघातल्या मूळच्या पाच राष्ट्रांपैकी एक; टस्करोरा मागाहून सामील झाले. त्यात वेळ घालवत नाही. त्याच महासंघातल्या, शेजारच्या मोहॉकांना जग ओळखतं ते इतरांनी ठेवलेल्या नावानं. ओनायडांचं तसं नाही. ‘ओनंयोतेआका’ म्हणजे उभ्या शिळेचे लोक. गोऱ्यांच्या जिभेवर झिजून त्याचं ओनायडा झालं, पण नाव त्यांचंच आहे. गाव हलला की शिळाही आपणहून मागोमाग येई, असं त्यांची परंपरा सांगते. त्यांची पवित्र मानलेली एक शिळा एकोणिसाव्या शतकात युटिका शहरातल्या दफनभूमीत नेऊन ठेवली होती. गेल्या शतकात ती ओनायडांकडे परत आली.

आता याच नावाचे चमचे. (हशा) हसू नका, मुद्दा गंभीर आहे. १८४८ साली जॉन हम्फ्री नॉइस नावाचा धर्मोपदेशक आपले अनुयायी घेऊन न्यूयॉर्क राज्यात, ओनायडांच्या जुन्या मुलखात आला. मालमत्ता सामाईक, लग्नसुद्धा सामाईक... (हशा) हो, सगळ्यांचं सगळ्यांशी. एकाच भल्यामोठ्या वाड्यात सगळे राहत. प्राणी पकडायचे सापळे करत, रेशमाचा दोरा करत, पुढे चमचेही करू लागले.   त्यांच्या वसाहतीनं नाव घेतलं ‘ओनायडा’. १८८१ साली ती मोडून भागभांडवली कंपनी झाली आणि काटे-चमच्यांवर ते नाव घरोघर पोचलं. जेवणाऱ्यांना चमचा माहीत झाला, माणसं नाहीत. ती तोवर पांगली होती. काही विस्कॉन्सिनला, काही कॅनडात ऑन्टारिओला. एके काळी साठ लाख एकरांवर वावरणाऱ्या या राष्ट्राकडे न्यूयॉर्कमध्ये १९२० पर्यंत उरले बत्तीस एकर.

कार्यवाहांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरलीत. मग जमिनीच्या खटल्यांचंच सांगतो, कारण मुख्य गोष्ट तीच.

तिथल्या जिल्ह्याचं नावही ओनायडा. १७९५ साली न्यूयॉर्क राज्यानं केंद्राच्या संमतीशिवाय ओनायडांची एक लाख एकर जमीन घेतली होती. त्या जमिनीबद्दल १९७० साली ओनायडांनी जिल्ह्यावर दावा लावला. मागितलं काय? जिल्ह्यानं व्यापलेल्या तुकड्याचं १९६८ आणि १९६९ या दोन वर्षांचं भाडं! १९८५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं दावा चालू शकतो असा निकाल दिला. निकालपत्राचं शीर्षक पाहा: ‘ओनायडा जिल्हा विरुद्ध ओनायडा राष्ट्र’. एकीकडे ज्यांनी नाव घेतलं ते, दुसरीकडे ज्यांचं नाव होतं ते.

पुढे ओनायडांनी शेरिल गावात आपल्याच जुन्या जमिनीचे तुकडे बाजारभावानं विकत घेतले. तिथं पेट्रोलपंप चालवला, दुकान घातलं आणि नगरपालिकेचा कर नाकारला. २००५ साली न्यायालय म्हणालं, फार उशीर झाला. जमीन विकत घेतल्यानं सार्वभौमत्व परत येत नाही. शेरिल म्हणजे चमच्यांच्या कारखान्याचं गाव. कंपनीनं तो कारखाना त्याच वर्षी विकला. नाव मात्र तिच्याकडेच राहिलं.

“मग आता चमचे वापरायचे नाहीत का?” असं मागून कुणीतरी म्हणालं. खुशाल वापरा. पण वर्गात, वर्तमानपत्रात, अनुवादात जिथं राष्ट्र माहीत आहे तिथं ‘रेड इंडियन’ लिहू नका. ओनायडा लिहा, मोहॉक लिहा. आणि कुठले ओनायडा तेही लिहा, कारण न्यूयॉर्क, विस्कॉन्सिन आणि ऑन्टारिओ इथं आज त्यांची तीन वेगळी सरकारं आहेत. विस्कॉन्सिनबद्दल बोलायचं राहिलं. घंटा झालीच आहे. प्रश्न लेखी द्या, मी बाहेर थांबतो.