घरी बनवलेली ठासणीची रायफल
(गणेशोत्सवातील व्याख्यानात केलेले भाषण)



सेक्रेटरींनी विषय विचारला तेव्हा मी "रायफल" म्हणालो. ते म्हणाले, "साहेब, इथे निम्मी मंडळी रायफल फॅक्टरीतली. दिवसभर जे हाताळून येतात तेच संध्याकाळी ऐकवणार का?" म्हणून आधीच सांगतो, ही आपल्या फॅक्टरीतली रायफल नव्हे. ही ठासणीची आहे. तोंडातून दारू भरायची, वरून गोळी, आणि गजाने ठासायची. माझा मुलगा अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरजवळ राहतो. २०१८-१९ च्या हिवाळ्यात आम्ही उभयता त्याच्याकडे होतो, तेव्हा त्याच्या गॅरेजमध्ये आम्ही बापलेकांनी ती बनवली. आणि हो, आज दारूचा उल्लेख वारंवार येईल. ती बंदुकीची आहे, वहिनींनी गैरसमज करून घेऊ नये.

दुसरी गोष्ट मुलांसाठी. हा उद्योग आपल्याकडे घरी करायचा नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक बाळगायला परवाना लागतो, ठासणीच्या बंदुकीलाही लागतो, आणि बनवायला तर वेगळाच परवाना लागतो. अमेरिकेत १९६८ च्या केंद्रीय कायद्याने काळ्या दारूची ठासणीची बंदूक "पुरातन" धरली आहे, त्यामुळे तिचे सुटे भाग टपालाने घरी येतात. राज्याराज्यांचे नियम निराळे, ते मुलाने आधी तपासले होते. मी गॅरेजमध्ये पाय ठेवण्यापूर्वी हे सगळे त्याच्याकडून दोनदा वदवून घेतले. सरकारी नोकरीची सवय!

आता लँकेस्टरच का? अठराव्या शतकात त्या भागात जर्मन मुलखातून आलेले कारागीर वसले. त्यांच्याकडची शिकारी रायफल आखूड, जाड आणि मोठ्या तोंडाची होती. इथल्या जंगलात माणूस महिनोन् महिने भटकायचा, शिसे आणि दारू पाठीवर वाहायचा. म्हणून कारागिरांनी नळी लांब केली आणि तोंड लहान केले. तीच पेनसिल्व्हेनियाची लांब रायफल. जेकब डिकर्टसारख्या लँकेस्टरच्या कारागिरांचे काम आज संग्रहालयांत काचेआड आहे. आमच्या रायफलीची नळी ४२ इंच, तोंड अर्धा इंच. बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून जाईल एवढी उंच.

एके दिवशी मुलाने आम्हाला शेजारच्या डेलावेअर राज्यात ब्रँडीवाइन नदीकाठी नेले. ड्यू पाँ कंपनीचा १८०२ साली सुरू झालेला दारूचा कारखाना तिथे आहे, आता त्याचे हॅगली संग्रहालय झाले आहे. तिथे कळले की अमेरिकन यादवी युद्धात, १८६१ साली, त्याच घराण्यातले लॅमॉट ड्यू पाँ सोरा खरेदी करायला लंडनला गेले होते. तो सोरा हिंदुस्थानातला! पाटण्याकडचा सोरा होड्यांनी गंगेतून हुगळीत आणि हुगळीतून कलकत्त्याला उतरायचा. म्हणजे आपल्या इछापूरच्या घाटासमोरूनच. आपल्याकडेही रायफल फॅक्टरी १९०४ ची, पण त्याच जागेवर दारूचा कारखाना त्याआधी शंभराहून अधिक वर्षे होता. मी इथे ३६ वर्षे काढली आणि हा धागा मला सापडला तो सात समुद्रांपलीकडे.

असो, गॅरेजकडे वळू. किट म्हटले की सुटे भाग जोडायचे असे वाटते. तसे नसते. नळी तयार आली होती, आतले पेच पाडलेले. घोडा आणि कमानींची यंत्रणा, जिला तिथे लॉक म्हणतात, तीही जुळवलेली होती. पण दस्ता म्हणजे मेपलच्या लाकडाचा ओबडधोबड ओंडकाच म्हणा. नळीची खाच आणि गजाचे लांब भोक तेवढे पाडलेले. पितळेचे भाग वाळूच्या साच्यातून निघाले तसेच खडबडीत. बाकी सारे पटाशी, कानस आणि तासणी यांच्या जिवावर. मुलाने आम्ही जाण्याआधी दोन महिने शनिवार-रविवार खपून नळी बसवली होती आणि मागचा पितळी तळवा लाकडाला बेमालूम जुळवला होता.

लॉक लाकडात बसवायचे काम मला मिळाले. लोखंडी पट्टीच्या आकाराचा खड्डा लाकडात कोरायचा, पण असा की कडेला नखसुद्धा शिरू नये. पद्धत आपल्या फिटर मंडळींना लगेच कळेल. आपण घासणी करताना निळा रंग लावून उंचवटे शोधतो, तसे तिथे काजळी लावतात. लॉकला काजळी फासायची, खड्ड्यात दाबायचे, काढायचे, जिथे काळा ठिपका उमटला तेवढेच खरवडायचे. पुन्हा काजळी, पुन्हा दाबणे. बाजारात तयार काळा रंग मिळतो, पण मी सौभाग्यवतींच्या देवघरातली निरांजन मागितली. "देवाची निरांजन बंदुकीला?" असे म्हणाल्या, पण एक जुनी पणती दिली. त्या पणतीवर चार दिवस आमचे काम चालले. लॉक असे बसले की खाली धरून हलवले तरी पडेना. मुलगा म्हणाला, "बाबा, तुमचा हात अजून आहे." मला बरे वाटले, खोटे कशाला बोलू. आणि तिथेच घात झाला.

लॉकला धरून ठेवणारे दोन स्क्रू डाव्या बाजूने येतात आणि दस्त्यातून आरपार जाऊन लॉकच्या पट्टीत आवळले जातात. पुढच्या स्क्रूची वाट फार अवघड. वर नळी, खाली गजाचे भोक, मध्ये लाकडाचा पातळ पडदा. स्क्रू चार मिलिमीटरचा आणि जागा जेमतेम पाचाची. मुलगा म्हणाला, "मित्राकडे उभे ड्रिल मशीन आहे, रविवारी नेऊ." मी म्हणालो, "अरे, आयुष्यभर बॅरल सेक्शनला होतो. एका भोकासाठी मशीन?" आणि हातातल्या ड्रिलने भोक पाडले.

ते उजवीकडे बरोबर निघाले, मी खूश. मग मुलाने गज सरकवला. तो शेवटच्या चार इंचांवर अडला. ड्रिल आत वाकडे जाऊन गजाच्या भोकात शिरले होते, साधारण एक मिलिमीटर.

मित्रहो, इथे जरा थांबतो. मी इन्स्पेक्शनला होतो. गो गेज गेला पाहिजे, नो-गो गेज जाता कामा नये, या दोन वाक्यांवर माझा संसार चालला. समोर आलेला भाग मी किती वेळा बाद केला असेल, याची मोजदाद नाही. करणारा समोर उभा असायचा, कधी काही बोलू पाहायचा. मी म्हणायचो, "मला नको सांगू, गेजला सांग." इथे बसलेल्यांपैकी दोघातिघांना ते ऐकावे लागले आहे, ते आता हसतायत. त्या संध्याकाळी माझ्या लक्षात आले की फॅक्टरीत माझ्यापुढे आलेले प्रत्येक भोक जिगमध्ये धरून पाडलेले होते. सरळ भोक पाडता येते ही माझी समजूत होती, ते येत होते जिगला. मला कधी पाडावेच लागले नव्हते.

मुलगा काही बोलला नाही. दिवा मालवून आत गेला. दोन दिवस तो ऑफिसला जायचा, यायचा, जेवायचा, हवापाण्याच्या गोष्टी करायचा. बाहेर बर्फ पडत होता, मला फिरायलाही जाता येईना. नवीन दस्ता मागवायचा तर खर्च, आणि त्याचे दोन महिन्यांचे काम पाण्यात. मी एकदा म्हणालो की पैसे मी देतो. सौभाग्यवतींनी टेबलाखालून पाय दाबला, तेव्हा गप्प बसलो.

तिसऱ्या रात्री तो कानस घेऊन आला. म्हणाला, "बाबा, दस्ता टाकायचा नाही. स्क्रूच्या पोटाला घास काढू, आणि गजाचं टोक थोडं निमुळतं करू." जुन्या कारागिरांच्या रायफली उघडल्या की असे घास काढलेले स्क्रू सापडतात, असे त्याने कुठेतरी वाचले होते. मीच तो स्क्रू आवळून खूण केली, काढला आणि मधोमध खालच्या अंगाला एक मिलिमीटर घासला. पूर्ण आवळला की घास बरोबर खाली येतो आणि गज सुळकन जातो. अर्धवट आवळला, किंवा मागचा स्क्रू चुकून पुढे लावला, तर गज अडतो. म्हणून पुढच्या स्क्रूच्या डोक्यावर पंचाने एक टिंब मारले. फॅक्टरीत हा स्क्रू माझ्यापुढे आला असता तर मी बघितलाही नसता, सरळ लाल डब्यात.

नळीचा कान, म्हणजे बाजूचे बारीक भोक, मात्र आम्ही रविवारी मुलाच्या मित्राच्या मशीनवर पाडला. तो दीड मिलिमीटरच्या आसपास असतो आणि रंजकाच्या वाटीच्या बरोबर मधोमध, काठाच्या पातळीला यावा लागतो. खाली आला तर रंजकात बुडतो आणि बार उशिरा होतो.

मग फिनिशिंग. लाकूड आधी ओल्या फडक्याने पुसायचे, तंतू उभे राहतात, वाळले की ते तासून काढायचे, असे तीनदा. नंतर नायट्रिक आम्लात लोखंड विरघळवून केलेले पाणी लावायचे. हातमोजे, चष्मा, गॅरेजचे दार उघडे, थंडीने दात वाजतायत. ते पाणी वाळले तेव्हा दस्ता शेवाळी हिरवट दिसू लागला. माझ्या पोटात पुन्हा गोळा. मुलगा म्हणाला, "थांबा." त्याने गरम हवेचे यंत्र फिरवले, आणि जिथे जिथे ते फिरले तिथे तो हिरवा रंग तांबूस तपकिरी होत गेला. आतून वाघाचे पट्टे वर आले. व्हायोलिनच्या पाठीला जे लहरी मेपल असते, तेच हे. मग जवसाचे तेल, तळहाताने चोळून, थेंबथेंब, तीन आठवडे.

नळीची कथा उलटी. आपण इथे जन्मभर गंजाशी लढलो. तेल, ग्रीस, मेणकागद, आणि तरी जुलैत एका रात्रीत ठिपके. तिथे नळीवर गंज पोसायचा! लोखंड तेलकटपणा घालवून स्वच्छ करायचे, सौम्य आम्लाचा हात फिरवायचा, दमट जागी टांगायचे, लाल साय धरली की जाड कापडाने घासून पुन्हा हात. दोन्ही तोंडांना आणि कानाला लाकडी बुचे, आत गंज जाऊ नये म्हणून. सहा-सात फेऱ्यांनी गडद चॉकलेटी रंग येतो, मग खाण्याच्या सोड्याच्या उकळत्या पाण्याने तो थांबवायचा. पण तिथल्या हिवाळ्यात घरातली हवा इतकी कोरडी की गंज धरेना. शेवटी नळी न्हाणीघरात टांगली आणि गरम पाण्याचा नळ सोडला. आठवडाभर आमच्या आंघोळी बंदुकीच्या शेजारी. मी म्हणालो, इछापूरला ही एका रात्रीत तपकिरी झाली असती, फुकट.

मार्चच्या सुरुवातीला मैदानावर नेली. पहिले बार हातात धरून करायचे नसतात. रायफल जुन्या टायरला बांधली, चापाला लांब दोरी, आणि आम्ही आडोशाला. नळी तपासली, लॉक तपासले, मगच खांद्याला. दारू कधीही शिंगातून थेट नळीत ओतायची नाही, मापात घ्यायची, ७० ग्रेन. गोळी मऊ शिशाची, तेलकट कापडाच्या चकतीत गुंडाळलेली. ती दारूवर पूर्ण बसली पाहिजे, मध्ये पोकळी राहिली तर नळी फाटू शकते. म्हणून गजावर खूण असते, तोंडापाशी खूण आली की बसली. घोडा पडला, गारगोटी पोलादावर घासली, रंजक भुस्सकन पेटला, आणि मग बार. या दोन्हींच्या मध्ये अगदी लहानसा वेळ जातो, त्यात हलायचे नाही. ५० यार्डांवर मुलाच्या पाच गोळ्या माझ्या पंजात झाकल्या गेल्या. माझ्या जरा पांगल्या.

महिनाअखेर आम्ही परतलो. रायफल तिथेच, मुलाच्या दिवाणखान्यात. इकडे आणायचा प्रश्नच नव्हता.

काळ्या दारूची राख ओलावा धरते, म्हणून चालवली की त्याच दिवशी साबण आणि गरम पाण्याने धुवावी लागते. धुवायची म्हणजे लॉक काढायचे, लॉक काढायचे म्हणजे दोन्ही स्क्रू काढायचे. परवा सोमवारी पहाटे साडेपाचला फोन वाजला. तिकडे रविवारची रात्र. एवढ्या पहाटे फोन म्हणजे सौभाग्यवती घाबरून उठल्या.

"बाबा, टिंबवाला स्क्रू पुढे की मागे?"

म्हटले, "पुढे रे. आणि पूर्ण आवळ."

आरतीची वेळ झाली आहे, सेक्रेटरी घड्याळ दाखवत आहेत.